पीसीबी युनिटचं सांडपाणी आणि वनस्पतींचे बेड: कुठलं काम कोणाकडे द्यायचं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत छोटं पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) युनिट आहे. रोज साधारण १० घनमीटर सांडपाणी, चाळीसेक कामगार, शेडच्या मागे अडीचशे चौरस मीटर मोकळी जागा. सध्याच्या ईटीपीतून (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातून) बाहेर पडणारं पाणी बरेचदा निळसर असतं, तांबं ६ ते १० मिग्रॅ प्रति लिटर, सीओडी (सेंद्रिय घाण मोजणारा आकडा) चारशेच्या आसपास. एका सल्लागारानं सुचवलंय की केमिकलचा खर्च बंद करा, सगळं पाणी कर्दळ आणि पाणकणसाच्या बेडवर सोडा. जमेल का?

सल्लागार म्हणतात तसं नाही जमणार. वेगळ्या क्रमानं केलं तर मात्र जमेल, आणि चांगलं जमेल.

आधी हिशेब करून बघा. तुमच्या सगळ्या लाईन मिळून दिवसाला अंदाजे अर्धा किलो तांबं रिन्सच्या (बोर्ड धुतलेल्या) पाण्यात जातं. चांगला वाढलेला पाणकणसाचा बेड वर्षाला एका चौरस मीटरमागे २ किलोच्या आसपास सुका पाला देतो आणि त्या पाल्यात तांबं किलोमागे ५० मिग्रॅ धरलं तरी हात सैल सोडल्यासारखं होतं. म्हणजे १०० चौरस मीटर बेडवरचा सगळा पाला कापून नेलात तर वर्षाकाठी १० ग्रॅम तांबं बाहेर गेलं. तुमचं १० ग्रॅम तांबं अर्ध्या तासात येतं. वनस्पती तांबं ‘पितात’ ही समजूत इथेच संपते. बेडमध्ये तांबं कमी झालेलं दिसतं ते मुळांच्या आसपासच्या गाळात, सेंद्रिय पदार्थात आणि मुख्यतः सल्फाइडच्या रूपात अडकतं म्हणून. हे अडकवण्याचं काम जीवाणूंचं आहे. पाणी ५ मिग्रॅवरून ०.२ वर आणण्याचं काम त्यांना जमतं, ६० मिग्रॅचा आम्लयुक्त रिन्स थेट अंगावर घेणं जमत नाही. तांबं हे मुळात बुरशीनाशक आणि जीवाणूनाशक आहे, म्हणून तर आपण ते द्राक्षावर फवारतो.

तेव्हा मोठं वजन रसायनानं काढायचं, शेवटचे काही मिग्रॅ, सीओडी आणि अमोनिया जीवाणूंकडे द्यायचा.

पाणी एकत्र करू नका

तुमचं पाणी निळसर येतंय याचं कारण एकच: अमोनियावाल्या एचिंगचा (नको असलेलं तांबं विरघळवण्याच्या कामाचा) रिन्स आणि बाकीचा तांब्याचा रिन्स एकाच टाकीत पडतोय. अमोनिया तांब्याला धरून ठेवतो आणि मग पीएच ९ केला काय, १० केला काय, तांबं खाली बसत नाही. इलेक्ट्रोलेस कॉपरमधला (वीज न वापरता तांबं चढवण्याच्या बाथमधला) ईडीटीए हाही तांब्याला धरून ठेवतो, तो त्याहून चिवट. २ घनमीटर बिघडलेलं पाणी उरलेल्या ८ घनमीटरला बिघडवतं. पॉली (गाळ गोळा करणारं पॉलिमर) बदलून, कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) वाढवून यावर काही होत नाही. पाईप वेगळे करावे लागतात, आणि हा खर्च टाळून पुढचं काहीही नीट चालत नाही.

तुमच्या आकाराच्या युनिटला अशी विभागणी पुरते. साधा आम्लयुक्त तांब्याचा रिन्स (प्लेटिंग म्हणजे तांबं चढवणं, मायक्रो-एच आणि पिकलिंग म्हणजे पृष्ठभाग साफ करणं) रोज ५ घनमीटर, तांबं सुमारे ६० मिग्रॅ. अमोनिया एचिंगचा रिन्स दीड घनमीटर, तांबं १०० मिग्रॅ. इलेक्ट्रोलेसचा रिन्स अर्धा घनमीटर, तांबं तेवढंच. डेव्हलपर आणि रेझिस्ट स्ट्रिपर (बोर्डावरचा संरक्षक थर धुणारी आणि काढणारी द्रावणं) त्यांच्या रिन्ससह ३ घनमीटर, यात तांबं नगण्य पण सीओडी भयंकर. आणि पाचवा गट म्हणजे संपलेले बाथ (टाकीतली मूळ द्रावणं): खर्ची पडलेलं एचंट (एचिंगचं द्रावण), टिन स्ट्रिपर, मायक्रो-एच, जुना इलेक्ट्रोलेस बाथ. या पाचव्या गटातला एक थेंबही ईटीपीत जाता कामा नये. अमोनिया एचंटमध्ये लिटरला १४०-१५० ग्रॅम तांबं असतं. ते अधिकृत रिसायकलरला विकायचं असतं, आणि त्याचे पैसे येतात. ‘थोडंसंच होतं, टाकीत सोडलं’ असं रात्रपाळीत एकदा झालं की पुढचा महिना जीवाणू उभे करण्यात जातो. २० लिटरचा एक कॅन म्हणजे ३ किलो तांबं, तुमचा सहा दिवसांचा भार.

सोन्याच्या प्लेटिंगची लाईन असेल तर तिचं सायनाइडचं पाणी पूर्णपणे वेगळं ठेवा. आम्लाच्या पाण्यात ते मिसळलं तर माणूस जातो.

तांबं काढणं

साध्या रिन्सचं काम सोपं आहे आणि आपल्या भागात ते कोणाला शिकवायला नको. तासगाव-मिरजेकडचा द्राक्ष बागायतदार हेच करतो: मोरचूद (कॉपर सल्फेट) अधिक चुना म्हणजे बोर्डो मिश्रण. आम्लयुक्त तांबं चुन्यानं मारलं की हायड्रॉक्साइड होऊन निळसर साका बसतो. बागेत लोखंडी विळा बुडवून तांबूस पुट चढतं का ते बघतात आणि चढलं तर आणखी चुना घालतात. ईटीपीत मात्र विळ्याच्या परीक्षेवर विसंबू नका. इथे प्रश्न २-३ मिग्रॅचा आहे, एवढ्यात पुट दिसत नाही, आणि अमोनियात बांधलेलं तांबं या परीक्षेला दाद देत नाही.

पीएच ८.८ ते ९.२ ठेवा, २०-३० मिनिटं संथ ढवळा, अ‍ॅनायनिक पॉली लिटरला १ ते २ मिग्रॅ, मग ट्यूब सेटलर (साका खाली बसवणारी टाकी), मग प्रेशर सँड फिल्टर. पॉली घातल्यावर ढवळणं जोरात ठेवलंत तर बनलेले फ्लॉक (गाळाचे पुंजके) तुटतात आणि फिल्टरचा दाब तासाभरात चढतो. सेटलरमधून वर येणारं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात बारीक फ्लॉक असतात. प्रयोगशाळेत नमुना आम्ल घालून तपासतात, तेव्हा हे फ्लॉक विरघळून तांबं वाढलेलं दिसतं. म्हणून सँड फिल्टर ऐच्छिक नाही.

कॉस्टिकऐवजी चुना घ्या. हाताळायला त्रासदायक आहे, साका जास्त होतो, हे खरं. पण शुद्ध झालेलं पाणी तुम्ही आवारातल्या झाडांना देणार असाल तर कॉस्टिकचं सोडियम काळ्या मातीत साचत जातं. वाळवा-मिरज पट्ट्यात क्षारपड जमीन म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. माती एकदा फुगून चिकट झाली की पाणी मुरेनासं होतं.

अमोनियाचा रिन्स वेगळ्या टाकीत घेऊन त्यावर सोडियम सल्फाइड वापरा. सल्फाइड तांब्याला अमोनियापासून ओढून काढतं. दीड घनमीटरमध्ये १५० ग्रॅम तांबं, त्याला ६० टक्के शुद्धतेच्या फ्लेक्स हिशेबानं ३०० ग्रॅम, प्रत्यक्षात ३५० ते ४०० ग्रॅम लागतात. आधी पीएच ८.५ च्या वर आहे याची मीटरवर खात्री करा, मगच सल्फाइड घाला. आम्लात पडलं तर हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. शेवटी चिमूटभर हिराकस (फेरस सल्फेट) घातलं की उरलेलं सल्फाइड लोखंडाबरोबर काळं होऊन बसतं.

इलेक्ट्रोलेसच्या अर्ध्या घनमीटरला हिराकसाचा मार्ग घ्या. पीएच ३ च्या खाली आणा, तांब्याच्या वजनाच्या ५ ते ८ पट लोखंड द्या. ५० ग्रॅम तांब्याला हिराकस सव्वा ते दोन किलो होतं. अर्धा तास ढवळा, मग चुन्यानं पीएच १० च्या पुढे न्या. लोखंड ईडीटीएला अडकवतं आणि तांबं सुटतं. पुरवठादार याच्याऐवजी डायथायोकार्बामेट (धातू पकडून खाली बसवणारं रसायन) सुचवतील, कारण ते एका झटक्यात काम करतं. पण ते माशांना आणि जीवाणूंना विषारी आहे. जास्त पडलं तर मागचा जैविक भाग झोपतो आणि कारण महिनाभर सापडत नाही. बेड बांधायचे असतील तर ते आवारातच आणू नका.

रेझिस्ट स्ट्रिपरचं पाणी आधी पीएच ३ पर्यंत आणा. यासाठी नवीन आम्ल विकत घेऊ नका, पिकलिंगचं टाकाऊ गंधकाम्ल चालतं. फक्त त्यात तांबं असतं, म्हणून गाळलेलं पाणी पुन्हा साध्या रिन्सच्या टाकीत जाईल अशी पाईपलाईन करा. विरघळलेला रेझिस्ट चिकट, रबरासारख्या गोळ्यांत बाहेर येतो आणि सीओडीचा मोठा भाग त्याच्याबरोबर जातो. हे गोळे पंपाच्या इंपेलरला गुंडाळतात. त्यामुळे बॅग फिल्टर पंपाच्या आधी, उतारानं भरणारा ठेवा. फेस येतोच, टाकी दोन तृतीयांशाच्या वर भरू नका.

साका फिल्टर प्रेसमधून काढून हवेशीर शेडखाली पोत्यांत. घातक कचरा नियम २०१६ प्रमाणे तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीशिवाय ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि मॅनिफेस्टशिवाय (कचऱ्याबरोबर जाणाऱ्या नोंदपत्राशिवाय) हलवता येत नाही.

सल्फाइड बेड: खरं जैविक काम इथे आहे

आता तुमच्याकडे २ मिग्रॅच्या आसपास तांबं, १००० मिग्रॅच्या पुढे सल्फेट, थोडं नायट्रेट, थोडा अमोनिया आणि बऱ्यापैकी सीओडी असलेलं पाणी आहे. सल्फेट ही इथे अडचण नाही, ते भांडवल आहे. हवा नसलेल्या जागी सल्फेट खाणारे जीवाणू सेंद्रिय पदार्थ जाळून सल्फेटचं सल्फाइड करतात आणि सल्फाइड तांब्याला धरून काळ्या, जवळजवळ अविद्राव्य कणांत बसवतं. १ ग्रॅम तांब्याला दीड ग्रॅम सल्फेट आणि १ ग्रॅम सीओडी लागतं. नेदरलँड्समधल्या बुडेल इथल्या जस्त कारखान्यात १९९२ पासून हीच प्रक्रिया रिअ‍ॅक्टरमध्ये भूजल स्वच्छ करायला वापरली. तिथे जीवाणूंना इथेनॉल खायला दिलं जायचं. तुम्हाला रिअ‍ॅक्टरची गरज नाही. लाकूड, शेण आणि चुनखडी भरलेला खड्डा पुरतो.

१० घनमीटरसाठी ३ दिवसांचा मुक्काम धरा. भरावाची पोकळी ४० टक्के, म्हणून भराव ७५ ते ८० घनमीटर. दोन समांतर बेड करा, प्रत्येकी ६ बाय साडेपाच मीटर, भरावाची खोली १.२ मीटर. एकच मोठा बेड करण्याचा मोह होतो, पण एखादा तुंबला किंवा विषबाधा झाली तर दुसऱ्यावर निभावता येतं. धातूच्या भाराचा पॅसिव्ह (अशा आपोआप चालणाऱ्या बेडच्या) प्रक्रियेतला ठोकताळा घनमीटरमागे दिवसाला ०.३ मोल, म्हणजे तांब्याचे साधारण १९ ग्रॅम. ८० घनमीटरला हा आकडा दीड किलोपर्यंत जातो आणि तुमचा भार आहे २० ग्रॅम. यावरून ‘मग आधीचं रसायन कशाला’ असा निष्कर्ष काढू नका. तो ठोकताळा पीएच आणि विषारीपणा आटोक्यात असताना लागू होतो. येणाऱ्या पाण्यात तांबं ५ मिग्रॅच्या खाली, पीएच ६.५ ते ८ आणि ऑक्सिडंट (परसल्फेटसारखी ऑक्सिडीकरण करणारी रसायनं) शून्य, या तीन अटी पाळा.

भराव आकारमानानं असा: लाकडाच्या ढलप्या ५० टक्के, चुनखडीची १०-२० मिमी खडी २० टक्के, उसाचं चिपाड १०, अर्धवट सुकलेलं शेण १०, बेसॉल्टची खडी १०. ढलप्या बाभूळ, सुबाभूळ, आंब्याच्या, वखारीतून मागवलेल्या. भुसा नको, तो तीन महिन्यांत चोंदतो, आणि प्लायवूडचे तुकडे तर अजिबात नकोत. चिपाड आपल्याकडे स्वस्त आहे म्हणून सगळा बेड त्यानंच भरण्याची कल्पना सगळ्यांना सुचते. चिपाड लवकर कुजतं, लवकर खाद्य देतं आणि वर्षभरात बसतं. बेड एक फूट खाली जातो, मधून वाटा पडतात आणि पाणी भरावाला न शिवता निघून जातं. दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. चुनखडी मात्र बाहेरूनच आणावी लागेल. सातारा-सांगलीची खाणीतली खडी बेसॉल्टची, ती आम्ल मारत नाही. ती इथे फक्त वजन आणि पोकळी देते.

तळाला १ मिमी जाडीचा एचडीपीई (प्लास्टिकचा) लायनर, वर-खाली जिओटेक्स्टाइल (जाड कृत्रिम कापड). काळ्या मातीचा थर लायनर म्हणून चालणार नाही, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. तळाशी ११० मिमीचे छिद्रांचे पाईप, वर ६३ मिमीच्या पाईपांनी पाणी पसरवा. बाहेर काढणारा पाईप वर उचलून हंसमान करा, म्हणजे भरावावर कायम १५ सेंमी पाणी राहील. ३०, ६० आणि ९० सेंमीवर नमुना घ्यायचे पातळ पाईप भराव टाकतानाच उभे करा. नंतर घालता येत नाहीत.

सुरुवात करताना घाई होते, आणि बहुतेक बेड तिथेच बिघडतात. बेड साध्या बोअरच्या पाण्यानं भरा, गोबरगॅसच्या टाकीतली स्लरी मिळाली तर दोन-तीन पिंपं ओता, पाण्याच्या घनमीटरला अर्धा किलो गूळ विरघळवा. तुमच्या दोन बेडना मिळून १६ किलो गूळ झाला. मोलॅसिस आणखी बरं, पण त्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं, तेवढ्यासाठी परवान्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मग तीन-चार आठवडे काहीही सोडू नका. ओआरपी (पाण्याची ऑक्सिडीकरणाची क्षमता दाखवणारा आकडा) उणे १५० मिलिव्होल्टच्या खाली गेला, लेड अ‍ॅसिटेटचा कागद काळा पडला आणि नमुन्याच्या पाईपातून काळपट पाणी यायला लागलं की २५ टक्के प्रवाह सुरू करा. दर आठवड्याला एक पायरी. या काळात बाहेर येणारं पाणी चहाच्या रंगाचं असतं, त्याचा सीओडी आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असतो आणि शेणाचा अमोनियाही असतो. घाबरू नका, पण बाहेरही सोडू नका. ते इक्वलायझेशन टाकीत परत फिरवा. दीड-दोन महिन्यांत ते निवळतं.

काय बिघडतं? सगळ्यात आधी मायक्रो-एचचं परसल्फेट. ते पाण्यात उरलेलं असेल तर ओआरपी एका रात्रीत वर जातो. पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चचा कागद बुडवून बघा. निळा झाला तर आत सोडू नका, थोडं हिराकस घातलं की ते मरतं. दुसरं नायट्रेट: जीवाणूंना सल्फेटपेक्षा नायट्रेट जास्त आवडतं, म्हणून टिन स्ट्रिपरचा रिन्स वाढला की वरचा थर सगळं खाद्य नायट्रेटवर खर्च करतो आणि तांबं खालपर्यंत उतरतं. बाहेरचं तांबं वाढलंय पण सल्फाइडचा वास गेलाय, अशी जोडी दिसली की आधी नायट्रेट तपासा. तिसरी थंडी. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा उतरतो, पाणी २० अंशांच्या खाली गेलं की जीवाणू मंदावतात. त्या दोन महिन्यांत रोज अर्धा ते एक किलो गूळ पाण्यात विरघळवून द्या.

चौथी गोष्ट दिवाळीची सुट्टी. कारखाना आठवडाभर बंद, बाष्पीभवनानं पातळी उतरते, वरचा थर उघडा पडतो. हवा लागली की बसलेलं सल्फाइड ऑक्सिडाइज होऊन पुन्हा विरघळतं आणि कामाच्या पहिल्या दिवशी इतकं तांबं बाहेर येतं की मीटर खराब झालाय असं वाटावं. सुट्टीआधी पातळी पाच सेंमी वाढवा आणि वॉचमनला रोज पाणी बघायला सांगा.

बाहेरच्या पाण्यात १० ते ४० मिग्रॅ सल्फाइड असू शकतं, मर्यादा आहे २. इथे कुपवाडचा फायदा घ्या: शेजारच्या लेथवाल्याकडून लोखंडी बुरादा आणा (स्टेनलेस नको), गरम सोड्याच्या पाण्यात धुवून तेल काढा, २०० लिटरच्या दोन पिंपांत सैल भरा आणि पाणी खालून वर जाऊ द्या. सल्फाइड लोखंडाला चिकटतं. बुरादा ठासून भरला तर महिन्यात दगड होतो. चेंबरमध्ये कोणी उतरणार असेल तर वास येत नाही म्हणून वायू नाही असं धरू नका. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. मीटर, मोठा ब्लोअर आणि वर दुसरा माणूस, नाहीतर उतरू नका.

आता वनस्पती

तांबं ०.३ च्या खाली आलं की अमोनिया खाणारे जीवाणू जगू शकतात. त्यांना मोकळं तांबं १ मिग्रॅच्या खालीही सोसत नाही, म्हणूनच हा क्रम. त्यांना हवा लागते: अमोनियाच्या १ ग्रॅम नायट्रोजनला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन आणि ७.१४ ग्रॅम क्षारता. क्षारता आधीच्या बेडमधल्या चुनखडीनं दिलेली असते, हवा उभ्या प्रवाहाचा (पाणी वरून खाली झिरपणारा) बेड देतो.

क्षेत्रफळाचा हिशेब: अमोनिया ३० मिग्रॅ म्हणजे रोज ३०० ग्रॅम, कामगारांचं १.८ घनमीटर सांडपाणी सेप्टिक टँकमधून इथेच घेतलंत तर आणखी ९० ग्रॅम. चौरस मीटरला ४ ग्रॅम धरून सुमारे ९६ चौरस मीटर, तीन बेड ८ बाय ४ मीटरचे. सीओडी २० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या आसपास बसतो. संडासाचं पाणी मिसळायचं तर आराखड्यात दाखवून मंडळाची मान्यता घ्या आणि तांब्याचा नमुना मिसळण्याच्या आधी घ्या. पातळ करून मर्यादेत आणणं हा उपचार धरला जात नाही. नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड तंत्रज्ञान याच प्रकारचं आहे, पण त्याची ओळख घरगुती सांडपाण्यासाठी आहे. त्याचे आकडे तुमच्या पाण्याला जसेच्या तसे लावू नका.

खाली २० सेंमी खडी, वर ६० सेंमी धुतलेली वाळू. नदीची वाळू मिळत नाही, एम-सँड येते, आणि बेड मरतो तो एम-सँडच्या भुकटीनं. ट्रक उतरवण्याआधीच परीक्षा घ्या. ११० मिमी व्यासाच्या पीव्हीसी पाईपचा ३० सेंमीचा तुकडा बारीक खडीवर उभा करा, त्यात २० सेंमी ओली वाळू भरा, वरून अर्धा लिटर पाणी एकदम ओता आणि ते पूर्ण जिरायला किती सेकंद लागतात ते मोजा. हे पाच-सहा वेळा करा, वेळ स्थिर झाली की तो आकडा खरा. ५० ते १५० सेकंद चांगलं. त्यापेक्षा जास्त लागले तर ट्रक परत पाठवा, ‘पाण्यानं धुवून घेऊ’ या आश्वासनावर उतरवून घेऊ नका.

पाणी सतत सोडायचं नाही. दिवसातून सहा-आठ वेळा, एकदम, सगळ्या पृष्ठभागावर. मधल्या काळात बेड रिकामा होतो आणि हवा ओढतो. एक बेड आठवडाभर विश्रांतीला, दोन कामावर. वरती पाणी साचून राहिलं तर तो बेड लगेच बंद करून दहा दिवस वाळू द्या, फावड्यानं खणू नका.

झाडं जून-जुलैत लावा, चौरस मीटरला चार. नळ म्हणजे आपल्याकडच्या ओढ्याकाठचं उंच बोरू-गवत सगळ्यात उत्तम, वाळा आणि कर्दळ चालते. पाणकणसाला पाय कायम पाण्यात लागतात, उभ्या प्रवाहाच्या बेडवर ते सुकतं. जलपर्णी आवारात आणू नका. झाडांचं काम मुळांनी वाळू मोकळी ठेवणं आणि जीवाणूंना जागा देणं एवढंच, पण ते झाल्याशिवाय दुसऱ्या वर्षी वाळू आवळते.

पावसाचा विचार आधी करा. दोन्ही प्रकारचे बेड मिळून १६० चौरस मीटर. एका रात्रीत ५० मिमी पडला तर ८ घनमीटर, जवळपास एका दिवसाचं सांडपाणी वरून आलं. कठडे जमिनीपासून ३० सेंमी वर, शेडच्या पन्हाळीचं पाणी पूर्ण दुसरीकडे. हीच योजना साताऱ्यात, जास्त पावसात करायची असेल तर सल्फाइड बेडवर पत्रा टाकलेला परवडतो.

हे कशाला उपयोगी नाही

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. चुना, आम्ल, सल्फाइड, हिराकस घालून तुम्ही क्षार वाढवलेत, जीवाणू ते खात नाहीत. संमतीपत्रात टीडीएसची मर्यादा २१०० असेल तर ती रिन्सचं पाणी वाचवून नव्हे, ड्रॅग-आउट (पॅनलला चिकटून बाथबाहेर जाणारं द्रावण) कमी करून गाठावी लागेल: पॅनल बाथवर दहा-पंधरा सेकंद जास्त निथळू द्या आणि पहिला स्थिर रिन्स बाथमध्येच परत घ्या. फ्लोराइड, बोरॉन, सायनाइड यांसाठीही हे बेड नाहीत. निकेलचं सल्फाइड तांब्याइतकं घट्ट बसत नाही, इलेक्ट्रोलेस निकेल असेल तर त्यातलं सायट्रेट आणखी अडवतं. तिथे चिलेटिंग रेझिन (धातू पकडणारे प्लास्टिकचे मणी) घ्या. आणि जागा दीडशे चौरस मीटरच असेल तर अर्धवट बेड बांधण्यापेक्षा तांब्याला रेझिन आणि सीओडी-अमोनियाला एमबीबीआर (प्लास्टिकच्या तरंगत्या तुकड्यांवर जीवाणू वाढवणारी टाकी), असा सरळ मार्ग धरा.

रोज बघायच्या गोष्टी थोड्या आहेत: रसायन टाकीनंतरचं तांबं बायसिंकोनिनेटच्या रंगाच्या किटवर, तिथलाच पीएच, सल्फाइड बेडचा ओआरपी, आणि पाणी वर साचलंय का. जमिनीवरच्या पाण्यात सोडायची सर्वसाधारण मर्यादा तांब्याला ३, अमोनियाकल नायट्रोजनला ५०, सीओडीला २५०, बीओडीला (जीवाणूंना खाता येणाऱ्या घाणीच्या आकड्याला) ३० आहे. तुमच्या संमतीपत्रात याहून कडक आकडे असतील तर तेच लागू. महिन्यातून एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तांबं ‘एकूण’ आणि ‘विरघळलेलं’ असं दोन्ही मागा. दोन्हीत मोठा फरक असेल तर दोष फिल्टरचा आहे, दोन्ही जास्त असतील तर दोष विभागणीचा.

कापलेला पाला फेब्रुवारीत निघेल, हिरवागार आणि भरपूर, आणि कोणीतरी तो चारा म्हणून मागायला येईलच. देऊ नका. मेंढ्यांना तांबं फार लवकर बाधतं, त्यांच्या सुक्या खाद्यात किलोला १५ मिग्रॅच्या पुढे धोका सुरू होतो, आणि जत-आटपाडीकडचे कळप याच रस्त्यानं जातात. पाला आवारात वाळवून, तांबं तपासूनच पुढची वाट ठरवा. सल्फाइड बेडचा भराव साधारण पाच-सात वर्षांत बदलावा लागतो. वर्षाला सात किलोच्या आसपास तांबं त्यात साचत जातं आणि ते बहुतेक वरच्या वीत-दीड वीत थरात असतं. तो थर काढण्याच्या दिवशी ओलाच पोत्यांत भरा, उन्हात पसरू नका, आणि ईटीपीच्या साक्याबरोबर त्याच मॅनिफेस्टवर पाठवा. खालचा भराव बहुधा वापरण्याजोगा असतो, त्यावर नव्या ढलप्या आणि दोन पाट्या शेण टाकलं की बेड आठ-दहा दिवसांत पुन्हा काळा पडतो.